ह्यांनी विणलेला व्हेल

ह्यांनी डब्यातून लेकीच्या लग्नाचा व्हेल काढून पलंगावर ठेवला आणि मी आणि पूर्णिमा वाकून बघू लागलो. आठ महिन्यांची मेहनत, आणि समोर काय, तर भांडी घासायच्या चोथ्यासारखा गोळा. दुसऱ्या दिवशी अकराला चर्चमध्ये पूर्णिमाचं लग्न होतं.

आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते आणि डोक्यावरून जाळीचा व्हेल घेते. माझा माझ्या आईनं विणला होता. मला मात्र आयुष्यात धड मफलर जमला नाही. लेकीसाठी विकत आणू म्हटलं, तर हे म्हणाले, मी विणतो. हे म्हणजे सुदर्शन साळवे, चौतीस वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात लेथवर टर्नर. सुई हातात धरली असेल ती काटा काढायला. नारायण पेठेतल्या लोकरवाल्यानं विचारलं, याआधी काय विणलंय? काही नाही म्हटल्यावर त्यानं बांधलेलं पुडकं सोडून लोकरीचे दोन गुंडे जास्त घातले. उसवायला लागतील म्हणाला.

लागलेच. हे खालच्या मजल्यावरच्या आनंदीबाईंकडे शिकले. त्या शहाऐंशीच्या, दिसतं बेताचंच, पण बोट फिरवून चुकलेला टाका सांगतात. कारखान्यातलं मापाचं व्हर्नियर लावून टाके मोजणारा विद्यार्थी त्यांना पहिल्यांदाच मिळाला होता. एक तयार व्हेल घेऊन ठेव, असं मी पूर्णिमाला हळूच सुचवलं होतं. ती म्हणाली, पप्पा करतायत ना. विषय संपला.

आता पलंगावरच्या गोळ्याकडे बघत ती म्हणाली, "छान झालाय, पप्पा."

ह्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "रिजेक्ट आहे," एवढंच म्हणाले. मी खाली जाऊन आनंदीबाईंना हाताला धरून वर आणलं.

त्यांनी गोळा चाचपला. "भिजवला नाहीत का?"

त्यांनी सांगितलेली कृती ह्यांनी कागदावर उतरवून घेतली होती. शेवटची ओळ होती, भिजवून ताणून वाळवणे. ती ह्यांनी स्वतःच खोडली होती.

"तयार जॉबला पाणी लागू देत नाहीत," हे कारखान्याच्या सवयीनं म्हणाले. "गंज धरतो."

"लोकरीला?" आनंदीबाईंनी शांतपणे विचारलं.

मग बादलीत भिजवला, टॉवेलात दाबून पाणी काढलं, आणि गादीवर चादर घालून टाचण्या लावायला घेतल्या. ओढा, आणखी ओढा, आनंदीबाई खुर्चीतून सांगत होत्या. हे भीत भीत ओढत होते. आणि जाळी उघडू लागली. नुसता गुंता होता तिथे पानं आली, कढीपत्त्याच्या डहाळीसारखी समोरासमोर, शेकड्यांनी, आणि पानापानांत शीर. दोन सुया आणि एक धागा, याशिवाय त्यात काही नव्हतं. मी थक्क झाले. बत्तीस वर्षं ज्या माणसाला चहाची साखर सापडली नाही, त्याच्या हातून हे झालं होतं. हे टाचणी हातात धरून बघतच राहिले.

मे महिना, संध्याकाळपर्यंत व्हेल वाळला.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी लेकीला वेदीपर्यंत नेलं आणि माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. फादरांनी सगळ्यांना बसायला सांगितलं. सगळे बसले, हे बसले नाहीत. पंख्याच्या वाऱ्यानं व्हेल पूर्णिमाच्या पाठीवर हलत होता.

"चौतीस वर्षं पार्ट केले," हे हळूच म्हणाले. "कशाला लागले, ते एकदाही बघायला मिळालं नाही."

मागचे लोक बसा म्हणून खुणा करत होते. ह्यांना खाली बसवायला मी बाही धरली, आणि ती तशीच धरून मीही उभी राहिले.