वरचे आठ मणी

नववी माळ संपली. सवयीनं गव्हाचा नववा दाणा वाटीत टाकला, मनात म्हटलं, नऊशे. आणि हात तसाच राहिला.

माझा रोज अकरा माळांचा नेम. माळेत मणी एकशे आठ, पण धरायचे शंभरच. वरचे आठ देवाचे. कुठे जीभ अडखळली असेल, मन भटकलं असेल, त्याची भरपाई. सासूबाईंनी असंच शिकवलं आणि एकतीस वर्षं मी तसंच करत आले.

चार दिवसांपूर्वी शेजारच्या रत्नाकरच्या गाडीत बसून मी याच माळेवर फेरे मोजले होते. बारा माळा. आणि यांना सांगितलं होतं, बाराशे.

घड्याळात दहा वाजले होते. रत्नाकर त्याच गाडीतून, बायको आणि सात महिन्यांची पोटुशी मुलगी जया यांना घेऊन, आठलाच कुंडमला गेला होता.

गाडी त्याच्या वडिलांची, भाऊरावांची. अठ्ठावन्न सालची ॲम्बेसेडर. जुनं पेट्रोलचं इंजिन बसलं, तेव्हा रत्नाकरनं गॅरेजमध्ये डिझेलचं इंजिन आणि दुसऱ्याच गाडीचा गिअरबॉक्स टाकून घेतला. मिस्त्री म्हणाला, मीटरही नवा लावा, हा आता खोटं दाखवेल. रत्नाकर ऐकेना. त्या मीटरवर भाऊरावांचे सत्त्याऐंशी हजार मैल होते. तो मीटर खोलून आमच्याकडे घेऊन आला.

आमचे हे, दिवाकरराव, चौतीस वर्षं फॅक्टरीत गाड्यांचे मीटर दुरुस्त करत होते. प्रत्येक मीटरच्या झाकणाला आतून सुईनं 'दि' कोरायचे. एकही मीटर परत आला नाही, हे ते कधी बोलून दाखवत नसत. मीच सांगायची सगळ्यांना.

"या मीटरला मैलाला गिअरबॉक्समधून येणाऱ्या केबलचे हजार फेरे पाहिजे," ते रत्नाकरला म्हणाले होते. "तुझा नवा गिअरबॉक्स किती देऊन राहिला ते मोजावं लागते. मग मधात दोन दातेरी चाकांची डबी बसवली की झालं."

मोजायचं कोणी? यांच्या डोळ्यांपुढे वर्षभरापासून धुकं. मोतीबिंदू पिकला नाही म्हणून डॉक्टर थांबा म्हणतात.

"हेमा मोजेल," हे म्हणाले. "तिचा आकडा चुकत नाही."

महाराजपूरच्या रस्त्याला मैलाचे दोन जुने दगड अजून उभे आहेत. त्या दगडापासून या दगडापर्यंत रत्नाकरनं गाडी पायी चालल्यासारखी नेली. केबलचं मोकळं टोक माझ्या मांडीवर, त्याला कागदाची झेंडी बांधलेली. झेंडी एकदा फिरली की एक मणी. दगड आला तेव्हा बारावी माळ नुकतीच संपली होती.

बाराशेचे हजार करायला यांनी जुन्या डब्यातून सहास पाचाच्या हिशेबाच्या दातऱ्या शोधल्या. डोळ्याला भिंग, बोटांनी चाचपत. तीन दिवस लागले. मीटर बसला, काटा न थरथरता उभा राहिला. रत्नाकरला दम कुठला. आज सकाळी निघतानाच म्हणाला,

"काकू, बाबा म्हणायचे, कुंडमच्या वळणांवर काटा तीसच्या वर नाही. या डिझेलचा आवाज इतका, की स्पीड का कुछ पता ही नहीं चलता. मी तर काट्यावरच भरोसा ठेवून चालवतो."

हेच वाक्य आता छातीत रुतून बसलं. काटा तीस दाखवत असेल आणि गाडी चाळीसनं जात असेल तर? वळणं, साजाची झाडं, समोरून येणारे लाकडांचे ट्रक. मागच्या सीटवर जया, पोटावर हात ठेवून.

उरलेल्या दोन माळा झाल्याच नाहीत. देवापुढे बसायला भीती वाटली. पूजेची माळ मीच यंत्रावर फिरवली होती.

यांना सांगायला हवं होतं. दोनदा खोलीच्या दारापर्यंत गेले. हे डोळ्यांत औषध टाकून पडले होते. आता यांच्याजवळ उरलं होतं ते एवढंच, की मीटर कधी चुकला नाही. मी परत आले. भाजी चिरली, सोमवारचा उपास असताना मीठ टाकून चाखलीही. मग ते आठवून आणखी घाबरले.

तीन वाजता यांनीच विचारलं, "काहून गं, सकाळपासून फाटकाशी जाऊन राहिली? कोण येणार हाय?"

मी सांगितलं. माळ, शंभर, वरचे आठ. सगळं.

हे उठून बसले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "म्हणजे बारा आठे शहाण्णव. तेराशेच्या जवळ."

"गाडी जोरात जाते का हो? काट्यापेक्षा?"

"थांब ना बाप्पा. हिशेब करू दे."

बोटांच्या पेरांवर अंगठा फिरत राहिला. एकदा, दोनदा. दुसऱ्यांदा चुकले, पुन्हा सुरू केलं. मी उंबऱ्यावरच बसले.

"फेरे जास्ती, म्हणजे काटा जास्ती दाखवते," शेवटी म्हणाले. "काटा तीसवर असंल तेव्हा गाडी अठ्ठाविसाच्या आतच. हळूच जाऊन राहिले ते."

"नक्की?"

"नक्कीच." पण मग तेच उठले, भिंतीला धरत फाटकाशी गेले. पाच वाजता गाडी यायची होती. साडेपाच झाले. सहा झाले. हिशेब बरोबर होता, तरी आम्ही दोघं तिथंच उभे होतो आणि एकमेकांकडे पाहत नव्हतो.

दिवेलागणीला हॉर्न वाजला. जया उतरून हसली. "आजी, पिताजी तो बैलगाडी जैसे चला रहे थे. एका ट्रॅक्टरनं ओव्हरटेक केलं आम्हाला."

"मीटर एकदम फर्स्ट क्लास, काका," रत्नाकर म्हणाला.

"नाही रे. चुकला हाय. खोलून ठेव."

सगळं ऐकून रत्नाकर हसला. "राहू द्या ना काका. हळू चालली तर बरंच आहे. कोणाला कळणार?"

"भाऊरावांचे मैल आहेत त्याच्यात. बाकीचे खोटे काहून टाकायचे?" हे माझ्याकडे वळले. "उद्या सकाळी पुन्हा मोजशील?"

मला वाटलं होतं आता हे मला विचारणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी दगडापासून दगडापर्यंत मी एकेक मणी मोठ्यानं मोजला. त्या माळांतला देवाला एकही सोडला नाही. मागच्या सीटवर यांचेही ओठ हलत होते. तेराशे भरले.

दातऱ्या बदलायला पुन्हा तीन दिवस गेले. शेवटी झाकण उरलं. हे सुई घेऊन झाकण डोळ्यांजवळ नेत राहिले, उजेडाकडे फिरवत राहिले. मग दोन्ही माझ्या हातात दिली.

"तू कोर. मला रेघ दिसत नाही."

आतल्या पत्र्यावर मी 'दि' कोरला. वेलांटी थोडी वाकडी आली. यांनी त्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला, आणि झाकण बसवलं.