मास्कखालचे शिपाईकाका

तीस वर्षं कार्यालयाच्या प्रत्येक समारंभात शिपाईकाका साहेबांच्या शेजारी पाण्याचा ग्लास धरून उभे राहिले, आणि छापून आलेल्या एकाही फोटोत दिसले नाहीत. उद्या त्यांचाच निरोप समारंभ होता आणि फलकावर लावायला त्यांचा फोटोच नव्हता.

"तुम्हाला कापलंय कुठे, काका? नुसतं झाकलंय," फलक करणारी मुलगी संगणकावर जुन्या फाइली उघडत म्हणाली. "फोटोतल्या तुमच्या भागावर मास्क टाकलाय. तो काढला की आलात बाहेर."

मास्क निघाला. काका बाहेर आले खरे, पण जबडा वासून. दुसऱ्या फाइलीत तेच, तिसरीतही तेच. सापडलेल्या सातही फोटोंत काका मनसोक्त जांभई देत होते.

"अहो, एकात तरी तोंड मिटायचं!"

"साहेबांचं भाषण चालू होतं गं. तोंड मिटलं असतं तर डोळेही मिटले असते."

तेवढ्यात खुद्द साहेब आत आले आणि पडद्यासमोर थांबले. काकांना वाटलं, फोटो तर गेलाच, आता जाता जाता बोलणीही खावी लागणार. साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा नीट पाहिलं.

"वा! माझं बोलणं ऐकून माणूस कसा थक्क झालाय बघा! हाच घ्या. मला मात्र कापू नका हं, नाहीतर हा कशाने थक्क झालाय ते लोकांना कळायचं नाही."

"खरंय साहेब," काका म्हणाले, "तुमच्याशिवाय एवढं तोंड उघडतच नाही माझं."