चौथ्या माणसाचा पट्टा

परदेशात आपली वेगळी गाडी आणि ड्रायव्हर ठरवायचा, हा हट्ट माझाच. सांगलीची माझी मैत्रीण गुणमाला आणि तिचे यजमान सुकुमार आमच्यासोबत इटलीला येणार होते. ते जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. टूरवाल्यांची बस काय त्यांच्यासाठी सूर्य बघून थांबणार होती? शिवाय आम्हाला जायचं होतं तिथं कुठलीच टूर जात नव्हती.

जायचं होतं माझ्या सासूबाईंसाठी. आई ऐंशी ओलांडलेल्या. त्यांचे वडील केरबा महायुद्धात इटलीत पडले, तेव्हा आई पाळण्यात होत्या. बापानं लेक पाहिली नाही, लेकीनं बाप. आईंची आई रंगूबाई मात्र शेवटपर्यंत कुंकू लावत राहिली. "मढं बघितलं न्हाई, मग पुसू कशाला?" म्हणायची, आणि रोज जाऊन गावच्या फाट्यावर बसायची. तिथंच एका दुपारी बसल्या जागी गेली. त्याआधी कितीदा तरी तिनं लेकीला बजावलं होतं, "माझ्यानं न्हाई झालं. तू त्यास्नी घरी आण."

आईंना मरायच्या आत एवढंच करायचं होतं. कसं, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर गेलेच नसते.

निघायच्या आठवड्यात सुकुमार द्राक्षबागेत पाय घसरून पडले आणि मांडीचं हाड मोडून बसले. गुणमाला अर्थातच राहिली. उरलो आम्ही तिघं. आई, माझे यजमान वीरधवल आणि मी.

"तीन तिगाडा, काम बिगाडा," आई म्हणाल्या. आपल्याकडे कामाला तिघं निघाले तर चौथा म्हणून खिशात खडा टाकतात, हे मलाही ठाऊक आहे. पण खडा! आईंनी माहेरच्या फाट्यावरून नारळाएवढा धोंडा आणवला.

"आई, ड्रायव्हर धरून चार होतात की."

"त्यो गाडीचा मानूस, आपला न्हवं. वीरधवल, गाडीवाल्याला चार मानसं सांग."

आमचे हे एमआयडीसीतल्या कारखान्यात दिवसभर लोकांवर ओरडतात, पण आईपुढे मांजर. त्यांनी खरंच चार कळवली. मी तणतणले. विमानतळावर बॅग उघडून त्या धोंड्याकडे पोलीस बघत राहिला, तेव्हा तर मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

रोमला ड्रायव्हर आला तो एत्तोरे नावाचा, पांढऱ्या मिशांचा. पाण्याच्या चार बाटल्या मांडून ठेवलेल्या. बोटं मोजून त्यानं विचारलं, चौथा कुठाय? आईंनी पिशवीतून धोंडा काढला. मला वाटलं, आता हा हसणार. तो हसला नाही. धोंडा दोन्ही हातांनी घेऊन त्यानं मागच्या सीटवर, माझ्या आणि आईंच्या मधोमध ठेवला आणि त्याला पट्टा लावला. आईंनी स्वतः मात्र पट्टा लावला नव्हता, म्हणून गाडी टुंग टुंग वाजू लागली. सीटवर माणूस बसला आणि पट्टा नसला की ती वाजते, असं त्यानं खुणेनं समजावलं.

डोंगर ओलांडून पलीकडच्या समुद्राकडे जायला दुपार झाली. सांग्रो नदीजवळ टेकडीवर ते युद्धस्मशान आहे. आपल्या हिंदू जवानांना तिथं अग्नी दिलेला, त्यामुळे थडगं नाही, दगडात कोरलेली नावं. ओळखीची आडनावं मी बोट फिरवत एकेक वाचत गेले. हे सगळं आपल्या गावांमधलं, आणि इतक्या लांब.

ह्यांना केरबांचं नाव सापडलं. आईंनी त्यावर हात ठेवला. रडल्या नाहीत. पाहुण्याला बोलावणं करावं तसं म्हणाल्या, "आबा, मी विजयमाला. आईनं धाडलंय. चला, घरी जाऊ." आणि धोंडा त्या नावाखाली ठेवून वळल्या.

"आई, धोंडा राहिला! परत जाताना आपण तीनच."

"राहू दे. त्यांच्या जागी त्यो ऱ्हाईल. आन तीन कशानं? चार हाईत."

मी गाडीत बसले. सगळ्यांनी पट्टे लावले. एत्तोरेनं किल्ली फिरवली आणि गाडी वाजू लागली.

त्यानं वळून आमचे पट्टे पाहिले. सगळे लागलेले. मधली सीट रिकामी. पर्स नाही, पिशवी नाही, काही नाही. टुंग, टुंग. आईंनी शांतपणे मधला पट्टा ओढला, रिकाम्या जागेवरून नेऊन खटकन लावला. आवाज थांबला. एत्तोरेनं छातीवर क्रुसाची खूण केली. मी दाराला चिकटून बसले. भीती वाटली म्हणजे मला रागच येतो, पण त्या दिवशी रागही येईना.

मुंबईला उतरलो तर आमचा नेहमीचा ड्रायव्हर सिद्धू साताऱ्याहून गाडी घेऊन आला होता. ह्यावर्षीचीच नवी गाडी. आम्ही बसलो आणि तीही वाजली.

"सेन्सर गंडला वाटतं," सिद्धू म्हणाला.

ह्यांनी पुढच्या सीटवरून माझ्याकडे पाहिलं. मी मधला पट्टा लावला. माझ्या हाताला काही लागलं नाही, फक्त गारवा लागला.

खंबाटकी घाट ओलांडला तेव्हा आई झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं, अगदी थकलेल्या. साताऱ्याच्या अलीकडे त्यांच्या माहेरचा फाटा येतो. आता तिथं वडापावची गाडी आणि एक निवारा आहे. मी आईंना उठवणार होते. का कोण जाणे, उठवलं नाही.

"सिद्धू, थांब जरा."

मी उतरले, गाडीला वळसा घातला आणि निवाऱ्याच्या बाजूचं दार उघडलं. झोपलेल्या आईंवरून वाकून मधला पट्टा काढला. टुंग टुंग सुरू झालं. आयुष्यात कधी सासऱ्यांपुढेही धड पदर घेतला नसेल मी, पण तेव्हा ओढणी डोक्यावर घेतली आणि बाजूला सरून उभी राहिले.

"आबा, उतरा. फाटा आला."

गाडी वाजत राहिली. मग थांबली.

मी दार लावायला गेले तर आई जाग्या होत्या. पाय त्यांनी वाट द्यावी तसे आखडून घेतले होते. निवाऱ्याकडे बघत होत्या, आणि इतके दिवस न आलेलं पाणी आता डोळ्यांतून वाहत होतं.

"क्रांती," त्या म्हणाल्या, "माझी आई उठली गं बसल्या जागंवरनं."