माझी गोळी आणि भिंगरीची गोळी

मित्रांनो, कानांवरचे हात काढा, आज मी हळू बोलणार आहे! म्हणजे, तसा प्रयत्न करणार आहे. मी एक जुनी पितळी शिट्टी. हळू बोलणं माझ्या रक्तातच नाही. त्यातून आज सांगायचं आहे ते इतकं भारी आहे, की माझ्या पोटातली गोळी आत्तापासूनच थुईथुई नाचायला लागली आहे.

हो, माझ्या पोटात गोळी आहे. बुचाची, वाटाण्याएवढी. एका लहानशा कारखान्यात पितळेच्या पत्र्यातून मला कापलं, वाकवलं, आणि मला बंद करण्याआधी एका कामगार बाईंनी ती गोळी चिमटीने आत सोडली. कुणी फुंकलं, की ती आत गरागरा फिरते आणि मी ‘फुर्रर्र’ करते. ती नसती तर मी नुसतीच रडक्या आवाजात ‘पीऽऽ’ केलं असतं. हे लक्षात असू द्या, कारण पुढे गोळीवरूनच सगळा घोळ झाला.

माझे पहिले मालक वाहतूक पोलीस होते. अहाहा, काय दिवस होते ते! चौकाच्या मधोमध आम्ही दोघं उभे, चारी बाजूंनी बस, ट्रक, सायकली. मी एकदा किंचाळले, की भल्याभल्या ड्रायव्हरांचे पाय ब्रेकवर! “काय जबरदस्त आवाज आहे हो शिट्टीचा!” असं पानवाल्यापासून साहेबांपर्यंत सगळे म्हणायचे. मी तर हवेतच असायचे. मग मालक निवृत्त झाले आणि माझी रवानगी कपाटाच्या खणात झाली. सोबतीला जुने चष्मे आणि बिनझाकणाची पेनं. तिथे मला कुणी ढुंकून विचारलं नाही. आत धूळ गेली, ओल धरली, माझी गोळी कोपऱ्यात चिकटून बसली. फार वाईट वाटायचं. पण जाऊ द्या, रडगाणं गायला मी काही बासरी नाही.

पुढे मालकांची मुलगी शाळेत खेळाच्या बाई झाली. तिने मला शोधून काढलं, कोमट पाण्याने धुतलं, फुंकून फुंकून गोळी मोकळी केली आणि गळ्यात अडकवलं. आणि मी पोचले मैदानावर! तिथली पोरं म्हणजे चौकातल्या गाड्यांपेक्षा बेफाम. मला तर पुन्हा जन्म झाल्यासारखं वाटलं.

त्याच शाळेत चौथीत बाईंच्या दादाची मुलगी होती. तिला सगळे भिंगरी म्हणत. घरी ती आणि तिचे आईबाबा, आजोबा म्हणजे माझे जुने मालक, आणि आत्या म्हणजे आमच्या बाई, असे सगळे एकत्र राहायचे. भिंगरी पळायला लागली की वाऱ्याला ऐकायची नाही. पण सुरुवात! मी वाजायचे, बाकीच्या मुली सुटायच्या आणि ही तिथेच उभी, कारण वर घार फिरत असायची. मग दचकून सुटायची आणि तरीही निम्म्याजणींना मागे टाकायची. वर्गातही तेच. गणित अर्धं सोडवायचं आणि उरलेल्या पानावर कासव काढायचं. पट्ट्या, रबर आणि स्वेटर तर ती हरवण्यासाठीच आणायची.

वर्गशिक्षिकेने आईला सांगितलं, “एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या.” डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. घरच्यांना विचारलं, शाळेला विचारलं, भिंगरीला पुन्हा पुन्हा बोलावलं. मग म्हणाल्या, “सगळ्याच चंचल मुलांना आजार असतो असं नाही. पण हिला लक्ष टिकवणं खरंच अवघड जातंय. वर्गात पुढे बसवा, काम तुकड्या-तुकड्यांनी द्या. आणि तुमची तयारी असेल, तर एक गोळी सुरू करून बघू.”

झालं! त्या दिवसापासून घरात एकच विषय. गोळी द्यायची की नाही? मी बाईंच्या गळ्यात लटकून ऐकत होते आणि माझी पाचावर धारण बसली. मला वाटलं, माझ्याच पोटातली गोळी काढून पोरीला देणार! औषधाचीही गोळी असते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

“आमच्या वेळी अशा मुलांना खोडकर म्हणायचे,” आजोबा म्हणाले. “मैदान हेच औषध. चांगल्या पोरीला आजारी ठरवू नका.”

बाबा म्हणाले, “मीही लहानपणी असाच होतो. काय बिघडलं माझं?”

“काल गॅसवर दूध ठेवून गच्चीवर गेलात, ते बिघडलं,” आई म्हणाली. सगळे हसले. पण आई हसली नाही. “रोज संध्याकाळी ती एकाच पानासमोर बसून रडते. ‘आई, मी मठ्ठ आहे का गं?’ असं विचारते. तेव्हा तुमच्यापैकी कोण असतं तिथे?”

आजोबांनी बाईंच्या गळ्यातून मला काढलं आणि सगळ्यांसमोर धरलं. “सूनबाई, हिच्यातली गोळी थांबवली, तर ही वाजेल का? पोरीच्या आतही एक गोळी फिरते आहे. फिरू दे की!”

“बाबा, खणात पडून हिची गोळी चिकटली होती,” आमच्या बाई म्हणाल्या. “मी धुतली, म्हणूनच वाजली ना?”

मित्रांनो, दोघंही माझ्याबद्दल अगदी खरं बोलत होते! पण अहो, मी शिट्टी. पोर म्हणजे काही शिट्टी नव्हे. आणि ती पोर तिथेच बसली होती, पण तिला कुणी काही विचारलं नाही.

शेवटी गोळी सुरू झाली. आणि काय सांगू! मैदानावर मी वाजले आणि भिंगरी पहिल्या झटक्यात सुटली! मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. संध्याकाळचा अभ्यास वेळेत होऊ लागला, घरात शांतता आली, आईच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. फक्त डबा जसाच्या तसा परत यायचा. आणि शर्यत जिंकून आलेली भिंगरी गपचूप पायरीवर जाऊन बसायची. एरवी तिची टकळी थांबता थांबायची नाही.

एकदा जेवताना भडका उडालाच. “पोर वाळली! आजच्या आज बंद करा ती गोळी!” आजोबा कडाडले. “अहो बाबा, आता कुठे अभ्यास रुळावर आलाय,” आई म्हणाली. बाबा दोन्हीकडे मान डोलवत होते.

“मला सांगायचंय...” भिंगरी म्हणाली.

“तू आधी जेव,” आई आणि आजोबा एकदमच म्हणाले. तेवढं एकच त्या दोघांना पटत होतं!

“पण मला...”

“मोठी माणसं बोलताहेत ना?”

भिंगरी उठली. आत्याच्या गळ्यातून तिने मला ओढलं, छाती भरून श्वास घेतला आणि फुंकलं.

फुर्रर्रर्रर्र!

बाप रे! भर चौकातही मी अशी वाजले नव्हते. पेला लवंडला, बाबांचा घास हातातच राहिला, आणि जुन्या सवयीने आजोबांचा हात गाड्या थांबवायला वर गेला. तो तसाच वर राहिला.

“गोळी घेतली की ओळी जागेवर राहतात,” भिंगरी म्हणाली. “मला वाचता येतं. मी मठ्ठ नाही, हे मला कळलं. म्हणून बंद नका करू, आजोबा. पण आई, मला डब्याकडे बघवत नाही. आणि हसू येत नाही. विनोद कळतो, पण हसूच येत नाही. मी केव्हाची सांगतेय. आणि तुम्ही नुसतं म्हणता, किती शांत झाली!”

आईने तिला जवळ ओढलं. “मला ती शांतता इतकी गोड लागली गं,” ती म्हणाली, “की तुझ्याकडे बघायचंच राहिलं.”

दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेले. या वेळी पुढच्या खुर्चीत भिंगरी बसली. डॉक्टरीणबाईंनी तिलाच सगळं विचारलं, गोळीचं प्रमाण कमी केलं आणि म्हणाल्या, “आता कसं वाटतं, ते तूच येऊन सांगायचं.” हळूहळू डबा रिकामा येऊ लागला. एका दुपारी मैदानावर भिंगरी कशावरून तरी खो-खो हसली, आणि आमच्या बाईंनी विनाकारणच मला वाजवलं! ओळी आता बहुतेक दिवस जागेवर असतात. एखाद्या दिवशी हलतात. आजोबांना गोळी अजून पटलेली नाही आणि आई अजून गोळीची बाजू घेते. त्यांचं भांडण चालूच आहे. पण आता दोघंही तोंड उघडण्याआधी भिंगरीला विचारतात.

मित्रांनो, कुणाला गोळी हवी आणि कुणाला नको, ते मला विचाराल तर चुकाल. ते डॉक्टरांनी नीट पारखून, घरच्यांनी समजून घेऊन ठरवावं. मला कळतं ते फक्त आवाजातलं. मला चौकात फुंका, मैदानावर फुंका, गाल दुखेपर्यंत फुंका, मी आनंदाने वाजेन. पण आपल्याच घरात, आपल्याच माणसांनी आपलं ऐकावं म्हणून मला फुंकायची वेळ कुठल्याही लेकरावर आणू नका.