पूर्ण नाव सांगून प्रश्न विचारावा

आमचा दादा व्याख्यानमालेचा चिटणीस झाला आणि त्याने पहिलं काम केलं ते नियम काढण्याचं. प्रश्न विचारणाऱ्याने उभं राहून आधी आपलं पूर्ण नाव सांगावं. आदल्या वर्षी मागून कुणीतरी ‘वक्त्यांना आता चहा पाजा!’ असं ओरडलं होतं आणि सापडलं नव्हतं. दादाला ते फार लागलं. तशी दादाला न लागणारी गोष्ट शोधूनच काढावी लागली असती म्हणा!

ही त्रेपन्न सालची डोंबिवली. ठाण्याचे प्रोफेसर देवस्थळी ओळीने तीन दिवस संध्याकाळी ‘विश्वाचा पसारा’ या विषयावर बोलणार होते. शाळेच्या हॉलमध्ये जाजमं अंथरलेली, उजवीकडे पुरुष, डावीकडे आम्ही बायका. मी आणि सुमतीवहिनी पुढेच बसलो होतो. वहिनी सातवीपर्यंत शिकलेली, पण वाण्याच्या पुडीचा कागदही वाचल्याशिवाय टाकायची नाही.

पहिल्या दिवशी प्रोफेसर म्हणाले, दूरदूरचे ताऱ्यांचे थवे आपल्यापासून लांब लांब चालले आहेत. जो जितका दूर, तितका त्याचा वेग जास्त. वहिनीने माझा हात घट्ट धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही.

दादाला वाढताना तिने विचारलंच. “अहो, सगळं आपल्यापासूनच लांब जातंय, तर मग आपण अगदी मधोमध आहोत का?”

दादा मनातल्या मनात उद्याचं आभाराचं भाषण घोकत होता. “मधोमध काय गं? आमटीत मीठ नाही, ते बघ आधी.”

“मग उद्या मी त्यांनाच विचारू?”

“चिटणिसाच्या बायकोने? लोक हसतील मला.”

नंतर भांडी आवरताना वहिनी मला म्हणाली, “हसले तर हसू देत गं, सरोज. पण ते परवा ठाण्याला निघून गेले की मी कुणाला विचारू? जन्मभर डोक्यात भुंगा राहील.”

दुसऱ्या दिवशी व्याख्यान संपलं. दादाने व्यासपीठावरून “कुणाचे प्रश्न?” असं म्हटलं आणि वहिनी उभी राहिली. आमच्या बाजूने आजवर कुणी उठलंच नव्हतं. दादाने मान वर न करताच सवयीने फर्मावलं, “पूर्ण नाव!”

आणि मग मान वर केली.

बिचाऱ्याने नियम केला तेव्हा बायका त्याच्या ध्यानातच आल्या नव्हत्या. पूर्ण नाव म्हणजे सुमती त्र्यंबक पोंक्षे. नवऱ्याचं नाव तोंडाने कसं घ्यायचं? रेशनच्या दुकानातसुद्धा ती नाव सांगायला मला पुढे करायची. नियम मोडावा तर चिटणीस खोटा पडतो, पाळावा तर बायको अडते. दादा आपल्याच दाव्याला बांधलेल्या वासरासारखा बघत राहिला.

वहिनीने पदर सारखा केला, आणि हळदीकुंकवात म्हणावा तसा खणखणीत उखाणा घेतला :

“आभाळाच्या अंगणातून तारे चालले दूर दूर,
त्र्यंबकरावांचं नाव घेते, प्रश्नाची लागली हुरहूर.”

हॉल खदखदून हसला. दादा कानापर्यंत लाल झाला. हसू ओसरेपर्यंत वहिनी तशीच उभी राहिली आणि मग तिने तिचा प्रश्न विचारला.

प्रोफेसर मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून हातात धरला. “फुग्यावर शाईचे ठिपके काढा आणि फुगा फुगवा. प्रत्येक ठिपक्याला वाटेल, बाकीचे माझ्यापासूनच लांब चाललेत. तसंच आहे हे. मधोमध कुणीच नाही, बाई. फार चांगलं विचारलंत.”

वहिनी खाली बसली. तिच्या तोंडावर असं समाधान, की मला तिचा हेवा वाटला.

घरी दादा जेवायला बसला. मला आतून गुदगुल्या होत होत्या, पण मी पानातून डोकं वर काढलं नाही. ताकभातावर येईपर्यंत तो धुमसला, मग म्हणाला, “ते फुग्याचं काय म्हणत होते? मी आभार जुळवत होतो. ऐकलं नाही.”

मला त्याची कीवच आली. वक्ते हा आणणार, त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या हा ठेवणार, आणि व्याख्यान याच्या कानावरून जाणार! वहिनीने त्याला सगळं नीट सांगितलं. दादाचा घास हातातच राहिला.

“पण फुग्याच्या पोटात मध्य असतोच की!”

“अगंबाई!” वहिनी पळी धरून उभीच. “हे माझ्या डोक्यातच आलं नाही. उद्या विचारा ना!”

“मी? चिटणिसाने?”

“पूर्ण नाव सांगून,” वहिनी म्हणाली.

तिसऱ्या दिवशी “कुणाचे प्रश्न?” म्हणून दादा स्वतःच व्यासपीठावरून खाली उतरला आणि पुरुषांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. “मी त्र्यंबक विनायक पोंक्षे,” एवढं बोलून तो अडखळला. आमच्या बाजूला एकदा बघितलं. “काल ज्यांनी प्रश्न विचारला, त्या सुमतीचा नवरा.”

घरात तो तिला ‘अगं’ म्हणायचा, नाहीतर ‘ऐकलंस का’. तिचं नाव त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते, तेही अख्ख्या डोंबिवलीसमोर. दादाने प्रश्न विचारला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. माझे डोळे भरून आले. मी वहिनीला कोपराने ढोसलं.

तिचं सगळं लक्ष प्रोफेसरांच्या तोंडाकडे. “थांब गं! टाळ्या कसल्या वाजवतायत हे लोक? उत्तर ऐकू दे.”