पोटावर घट्ट झालेला कोट

माझ्या उस्तादांचा खून झाला आणि जन्मठेप मला झाली. वार झाला ती कात्री माझी, उस्तादांच्या शिवणकामाच्या दुकानाची किल्ली माझ्याकडे. कोर्टाला आणखी काय हवं? त्या संध्याकाळी ट्रायलसाठी ठेवलेला निळा कोट गायब आहे, मापवहीतलं पान फाडलेलं आहे, हे मी घसा फोडून सांगितलं. कोणी ऐकून घेतलं नाही. कोट कोणाचा ते मलाही ठाऊक नव्हतं, उस्ताद गिऱ्हाइकाचं नाव कधी सांगत नसत.

दवाखान्यात नेताना हिसडा देऊन पळालो. दाढी वाढवली आणि त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, कपडे सैल-घट्ट करून देणाऱ्या एका मावशीकडे कामाला लागलो. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं. खुनी शोधायला मी काही हेर नाही, शिंपी आहे. मला माणसं नीट ओळखता येत नाहीत, कपडे येतात. इतका चांगला कोट कोणी टाकून देत नाही, आणि खाऊन-पिऊन सुखी माणसाचं पोट काही थांबत नाही. कधीतरी तो सैल करायला येणारच होता.

दोन वर्षं पडद्यामागे बसून मी लोकांच्या पँटी उसवल्या. "अरे दाढी," मावशी म्हणायची, "प्रत्येक कोटाची कॉलर उलटून काय बघतोस? उवा शोधतोस का?"

मग एका दुपारी तिनं एक निळा कोट आत आणून टाकला. "कमरेत सैल कर. साहेब बाहेरच थांबलेत. घराजवळच्या शिंप्याला पोट दाखवायची लाज वाटते म्हणे, म्हणून एवढ्या लांब आलेत."

कॉलर उलटली. खालचे टाके माझे होते. पुढचं काम, अस्तरासकट, दुसऱ्या कोणीतरी आत न बघता उरकलं होतं, तेही गचाळ, आणि खरं सांगतो, त्या घडीलासुद्धा मला त्या गचाळ शिलाईचा संताप आला. छातीवरून बोट फिरवलं. अस्तराच्या आत काहीतरी कडक लागलं. उस्तादांची ही सवय फक्त मला माहीत होती: ट्रायल झाली की गिऱ्हाइकाचं नाव, तारीख आणि दुरुस्त्या खळ लावलेल्या कापडी पट्टीवर लिहून ती आत टाचायचे, आणि कोट देताना काढून घ्यायचे. हा कोट त्यांनी कधी दिलाच नव्हता.

पडद्याच्या फटीतून पाहिलं. उस्तादांच्या दुकानाशेजारचा कापडवाला! उस्तादांच्या कोपऱ्यावरच्या जागेवर वर्षानुवर्षं डोळा ठेवून बसलेला. 'मी त्या दिवशी परगावी होतो, पण हा उस्तादांशी रोज भांडायचा,' अशी शपथेवर साक्ष देऊन मला अडकवणारा.

शिवण उसवायला घेतली आणि हात आवरला. मी एकट्यानं उघडलं, तर म्हणतील ह्यानंच घातलं.

"मावशी, पोलिसांना फोन करा."

"कोणाला धरायला?"

"मला."

दोन मिनिटांत दबक्या आवाजात सगळं सांगितलं. "खुनी म्हणे! उंदीर दिसला तर टेबलावर चढतोस तू," मावशी म्हणाली आणि फोन उचलला. मग बाहेर जाऊन गोड आवाजात, "साहेब, जरा बसा हं, शिवण हट्टी आहे."

मला पकडणारा इन्स्पेक्टरच आला. मी हात पुढे करून पडद्याबाहेर आलो. कापडवाला किंचाळला, "हाच तो!"

"साहेब, बेड्या घाला," मी म्हणालो, "पण आधी विचारा, हा कोट कोणाचा?"

"माझाच! माझ्या मापानं शिवून घेतलाय!" कापडवाला तावातावानं म्हणाला.

"मग आता तुम्ही स्वतः हे अस्तर उसवा, साहेब."

इन्स्पेक्टरनं उसवलं, इतकं वाईट की मला बघवेना. पट्टी निघाली. त्यानं मोठ्यानं वाचलं: कापडवाल्याचं नाव, खुनाची तारीख, 'संध्याकाळी सहा. डावा खांदा अर्धा इंच उतरता.' आम्ही सगळ्यांनी कापडवाल्याच्या खांद्याकडे पाहिलं. डावा उतरता होता. तो दाराकडे धावला. दारात मावशी उभी होती, हातात गरम इस्त्री.

बेड्या त्याच्या हातात पडल्या. "तुलाही यावं लागेल, कोर्टाचा हुकूम होईपर्यंत," इन्स्पेक्टर खाली बघत म्हणाला. मी हसतच निघालो. दोन वर्षांनी भर दुपारी रस्त्याच्या मधून, मान ताठ ठेवून चालत होतो.

"अरे, पण तुझं खरं नाव काय?" मावशीनं मागून विचारलं.

मी ते इतक्या जोरात सांगितलं की समोरच्या दुकानांतली माणसं बाहेर आली.