आत्तीची साक्ष

सहा वर्षांच्या सोनमनं दर रविवारी बापाला भेटावं, पण आत्या मीनाबाई समोर असतील तरच, असा कोर्टानं २००४ साली हुकूम दिला. त्याआधी बापानं, बाळासोनं, पोरीला शाळेतून परस्पर उचलून आणलं होतं, आणि तिची आई अक्षता गारगोटीहून पोलिस घेऊन दारात उभी राहिली होती. वन्सं घरात असतील तर पाठवते, असं अक्षतानंच वकिलाला सांगितलं. नवऱ्यानं टाकल्यापासून मीनाबाई मंगळवार पेठेत भावाकडं राहत होत्या. त्या घरात अक्षताचा विश्वास उरला होता तो त्यांच्यावरच.

पोर यायची तेव्हा बाळासो क्रिकेट बघत लोळलेला असायचा. जाहिराती लागल्या, की तिला पुढ्यात उभी करून विचारायचा, मम्मीकडं कोण येतंय, मम्मी मारते का. पोर चप्पल बघत मान हलवायची. मीनाबाई तिला काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात बोलवून घ्यायच्या.

एका रविवारी त्या शेवयांची खीर ढवळत होत्या. बाहेर टीव्ही बंद झाला तशी त्यांना शंका आली. जाऊन बघितलं, तर बाळासोनं पोरीचा दंड चिमटीत धरून पिळला होता. पोर ओठ आवळून उभी होती. दंडावर लालभडक वळ उठले होते, आणि गल्लीतला फोटोवाला दारात चप्पल काढत होता.

"काय करतोस रं हे?" मीनाबाईंनी विचारलं.

"वकील म्हणतोय, पुरावा लागतोय. आई मारते म्हणून दाखवायचं हाय." बाळासो सहज बोलला. "तू फक्त सांगायचं, पोर आली तवाच वळ होतं."

फ्लॅश उडाला. सोनमनं आत्याकडं बघून हळूच विचारलं, "आत्ती, दुसऱ्या हाताला पण करणार?"

मीनाबाई मोरीत जाऊन भडभडून ओकल्या. बाळासो तोवर खीर मागत होता. सोनमचा दंड पिळलेली बोटं त्यानं न धुताच वाटीत घातली. पाठीला पाठ लावून आलेला भाऊ, पण त्या हाताकडं बघवेना.

संध्याकाळी अक्षता न्यायला आली. मीनाबाईंनी तिला कोपऱ्यावर गाठून सगळं सांगितलं, आता पाठवू नको म्हणाल्या. अक्षतानं बाही वर करून दंड बघितला. मग म्हणाली, "कोर्टात सांगाल, वन्सं?"

भावाचं घर सुटलं तर जायचं कुठं, हे मीनाबाईंपुढं होतंच. पण पोर तोंडाकडं बघत होती.

"सांगीन," त्या म्हणाल्या.

तारखेच्या आदल्या दिवशी बाळासोनं बहिणीला नवी साडी आणली. तिनं काय बोलायचं, हे तो दोनदा पढवून गेला. मीनाबाईंनी साडीची घडी मोडली नाही. जुनंच लुगडं नेसून त्या कोर्टात गेल्या. जजसाहेबांनी फोटो दाखवून विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "पोर आली तवा हात चांगला होता. ह्यानं केलंय. मी डोळ्यांनी बघितलंय."

बाळासोच्या वकिलानं फोटो पटकन फायलीत सारले. बाळासो बाहेर येऊन शिव्या देत राहिला, लोक थांबून ऐकत राहिले. दुपारी मीनाबाईंची ट्रंक रस्त्यावर आली.

पुढं भेटी कोर्टातल्या खोलीत, समुपदेशक बाईंसमोर ठेवल्या. बाळासो दोनदा गेला, नंतर फिरकलाच नाही. चिमटा काढायला मिळणार नसेल तर पोर कशाला पाहिजे त्याला, असं मीनाबाईंच्या मनात आलं.

एका खाणावळीत चपात्या लाटून त्या राहू लागल्या. वर्षभरानं एस.टी. स्टँडवर अक्षता भेटली, सोनम बरोबर होती. बरीच उंच झाली होती. मीनाबाई पुढं झाल्या, तशी पोर आईच्या मागं सरकली.

"तुमच्यावर राग न्हाय, वन्सं," अक्षता म्हणाली. "पण त्या घरातलं कुणीच नको आता."

मीनाबाईंना ते पटलं. "व्हय, नकोच," त्या म्हणाल्या. गारगोटीची गाडी लागली होती. अक्षतानं पोरीला आधी चढवलं, मग पिशवी वर दिली, आणि मीनाबाई गर्दीतनं खाणावळीकडं चालू लागल्या.